वेळापत्रक ‘पूर्ण’ दिसतं, तरी दोन वर्ग एकाच शिक्षकाची वाट बघतात: चूक कुठे शोधायची

दरवर्षी हेच होतं. शाळेचं वेळापत्रक बनवणाऱ्या प्रोग्रामने सगळी कार्डं (एक कार्ड म्हणजे जागेवर बसवायची एक तासिका) बसवलेली असतात, एकही टक्कर नाही असं पडद्यावर दिसतं, आपण प्रिंट काढून फलकावर लावतो. आणि पहिल्याच सोमवारी तिसऱ्या तासिकेला शिक्षक खोलीच्या दारात दोन वेगळ्या वर्गांचे मॉनिटर उभे राहतात, दोघांनाही त्याच विज्ञानाच्या बाई हव्या असतात. कधी याच्या उलट होतं. प्रोग्राम तासभर चालतो आणि शेवटची चार कार्डं काही केल्या बसत नाहीत. आपण कंटाळून ती हाताने कुठेतरी कोंबतो, म्हणजे पुन्हा सोमवारी तेच.

मी बरीच वर्षं शाळेच्या वेळापत्रकाचं काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षं मी चूक जिथे दिसायची तिथेच दुरुस्त करत होते. संगीताचं कार्ड उरलं की संगीताच्या मागे लागायचं, प्रयोगशाळेत गर्दी झाली की प्रयोगशाळा हलवायची. त्यात आठवडे गेले. नंतर उमगलं की उरलेलं कार्ड म्हणजे रांगेत शेवटी उभा राहिलेला माणूस. त्याच्या पुढे कोणीतरी जास्त जागा अडवली म्हणून तो बाहेर राहिला. शोधायचं ते अडवणाऱ्याला.

तुमची अडचण वर सांगितलेल्या दोनपैकी कोणती, ते आधी ठरवा. कार्डं बसतच नसतील तर आपण प्रोग्रामला अशक्य काहीतरी मागितलं आहे. कार्डं बसली असून प्रत्यक्षात टक्कर होत असेल, तर आपण त्याला काहीतरी सांगितलेलंच नाही. दोन्हींची तपासणी अगदी वेगळी आहे. ती एकत्र करायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

कार्डं उरतात तेव्हा

आधी वेळापत्रक तीनदा वेगवेगळं बनवून बघा, मधे काहीही न बदलता. असे प्रोग्राम मांडणी करताना थोडा यादृच्छिकपणा वापरतात, त्यामुळे प्रत्येक वेळी वाट वेगळी असते. तिन्ही वेळा त्याच तुकडीचं किंवा त्याच शिक्षकाचं कार्ड उरलं, तर माहितीतच विरोध असण्याची शक्यता मोठी. दरवेळी वेगळं कार्ड उरत असेल, तर वेळापत्रक बहुधा शक्य आहे, पण फार आवळलेलं आहे. अशा वेळी रात्रभर चालू द्या किंवा एखादी अट सैल करा. पहिल्या प्रकारात मात्र रात्रभर चालवून काहीही होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘अजून थोडा वेळ देऊ’ म्हणून आठवडा घालवलेले सहकारी मी पाहिले आहेत.

फेट (FET) हा वेळापत्रकाचा प्रोग्राम वापरत असाल तर तिथे एक चांगली सोय आहे. जास्तीत जास्त किती तासिका बसल्या तो आकडा तो दाखवतो, आणि तासिका कोणत्या क्रमाने बसवायला घेतल्या त्याची यादीही देतो. २१२ वर अडकला असेल तर यादीतली २१३वी तासिका बघा, आणि तिच्या आधीच्याही काही. असेच दुसरे प्रोग्राम म्हणजे एएससी टाइमटेबल्स आणि अंटिस: एएससीमध्ये वेळापत्रक बनवण्याआधी ‘टेस्ट’ चालवता येते, अंटिसमध्ये ‘डायग्नोसिस’ नावाची खिडकी आहे. या सोयी शेवटचा उपाय म्हणून ठेवू नका, रोज माहिती भरून झाली की चालवा. चाळीस बदलांनंतर आलेल्या इशाऱ्याचं मूळ शोधणं फार जड जातं.

आता बेरजा. वहीत करा किंवा स्प्रेडशीटमध्ये, पण स्वतः करा. समजा आठवड्यात ५ दिवस आणि दिवसाला ८ तासिका, म्हणजे ४० जागा. प्रत्येक तुकडीची बेरीज ४० यायला हवी. माझ्याकडे एकदा एका तुकडीची ४३ आली होती. ऐच्छिक विषयाचे दोन गट होते, दोन्ही गटांच्या तासिका एकाच वेळी व्हायच्या होत्या, पण भरताना मी दोन्ही ‘संपूर्ण वर्ग’ म्हणून भरल्या. गटांच्या समांतर तासिका शिक्षकांच्या खात्यात वेगवेगळ्या मोजल्या जातात, विद्यार्थ्याच्या खात्यात एकदाच. त्या ३ तासिका दोनदा मोजल्या गेल्या आणि उरलं ते भूगोलाचं कार्ड. मी दोन दिवस भूगोलाच्या शिक्षकांच्या सुट्ट्या तपासत बसले होते.

शिक्षकांची बेरीज करताना ४० शी तुलना करू नका. जे दिवस आणि तासिका त्यांना खरोखर मोकळ्या आहेत तेवढ्याच धरा. अर्धवेळ शिक्षक, प्रशासनाचे तास असलेले पर्यवेक्षक, सकाळच्या पहिल्या तासिकेला येऊ न शकणारे, या सगळ्यांचा आकडा वेगळा.

खोल्यांची बेरीज सगळ्यात फसवी. एक खरं उदाहरण देते. एकच प्रयोगशाळा, आणि वेगवेगळ्या तुकड्यांचे मिळून आठवड्याला १८ जोडतास, म्हणजे सलग दोन तासिकांची प्रात्यक्षिकं. १८ गुणिले २ म्हणजे ३६ तासिका, आणि प्रयोगशाळेला ४० जागा आहेत. बसायला हवं. पण तिसऱ्या तासिकेनंतर छोटी सुट्टी आणि सहाव्यानंतर मोठी, अशी दिवसाची रचना होती, आणि जोडतास सुट्टीच्या दोन्ही बाजूंना पसरू नये अशी अट होती. म्हणजे दिवसाचे तुकडे पडतात ३, ३ आणि २. प्रत्येक तुकड्यात एकच जोडतास मावतो. दिवसाला ३, आठवड्याला १५. तीन जोडतास उरणारच, कितीही वेळ प्रोग्राम चालवा. आणि उरलेल्या कार्डांवर प्रयोगशाळेचं नावही नसेल कदाचित, कारण प्रयोगशाळा भरून टाकताना प्रोग्रामने दुसऱ्या कोणाला तरी बाहेर ढकललेलं असेल. यावर उपाय तीनच: सुट्टी हलवायची, काही प्रात्यक्षिकं सुट्टीच्या आरपार जाऊ द्यायची, किंवा दुसरी खोली शोधायची. या शाळेत छोटी सुट्टी एका तासिकेने पुढे सरकवली. तुकडे झाले ४, २ आणि २, आणि दिवसाला ४ जोडतास मावायला लागले.

यानंतर ज्या बेरजा कोणी करत नाही त्या करा, म्हणजे अटींच्या गटाची बेरीज. ‘अवघड विषय पहिल्या चार तासिकांतच’ ही अट पुष्कळ शाळांत असते. पहिल्या चार तासिका गुणिले ५ दिवस म्हणजे २० जागा. आता गणित ६, विज्ञान ६, पहिली भाषा ५, दुसरी भाषा ५. एकेक विषय घेतला तर कुठेच अडचण नाही. चौघांची बेरीज २२. दोन तासिका कुठेच मावत नाहीत, आणि हे एकेका विषयाकडे बघून कधीच दिसत नाही.

गणितात याला भक्कम आधार आहे. १९३५ साली फिलिप हॉल यांनी सिद्ध केलेला नियम एका तुकडीला लावून बघा: तुकडीच्या कोणत्याही काही तासिका एकत्र घ्या, त्या सगळ्यांना मिळून चालणाऱ्या जागा निदान तेवढ्या तरी असल्याच पाहिजेत. एकाही गटाला जागा कमी पडत नसेल, तर त्या तुकडीपुरतं वेळापत्रक नक्की बसतं. सगळ्या तुकड्या आणि सगळे शिक्षक एकत्र आले की मामला बदलतो. शिक्षक आणि तुकड्या सदासर्वकाळ मोकळ्या असतील, खोल्यांची आणि जोडतासांची अडचण नसेल, तर ज्याच्यावर सर्वांत जास्त भार आहे त्याच्या भाराएवढ्या तासिकांत सगळं वेळापत्रक बसतंच. याचं मूळ डेनेश कोनिग यांच्या १९१६ च्या आलेखसिद्धांतात आहे. पण ‘या बाई गुरुवारी येत नाहीत’ अशा अटी आल्या की प्रश्न एकदम कठीण होतो. इव्हन, इताई आणि शमीर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की शिक्षकांच्या उपलब्धतेच्या अटींसह वेळापत्रकाचा प्रश्न एनपी-पूर्ण आहे, म्हणजे तो हमखास आणि झटपट सोडवणारी कोणतीही पद्धत आज कोणाला माहीत नाही. म्हणून बेरजा जुळल्या म्हणजे वेळापत्रक बसेलच असं नाही. पण बेरीज चुकली तर ते बसणार नाही हे मात्र निश्चित. तपासणी तिथून सुरू करायची ती याचसाठी.

गैरहजेरीचे दिवस आणि विषय पसरवण्याची अट यांची जोडीही तपासा. विषयाच्या ५ तासिका, रोज एक हवी, आणि शिक्षक ४ दिवसच येतात. सांगायला किती सोपं आहे, पण माहिती भरताना या दोन गोष्टी दोन वेगळ्या खिडक्यांत असतात आणि नजरेतून सुटतात. फेटमध्ये एकाच विषयाच्या तासिकांत काही दिवसांचं अंतर ठेवण्याच्या अटीला सुरुवातीलाच ९५ टक्के वजन दिलेलं असतं, म्हणजे नाइलाज झाला तर ती मोडायची मुभा राहते. पुष्कळजण ‘आमच्याकडे नियम म्हणजे नियम’ म्हणून ते १०० करतात. तसं करू नका. १०० टक्के फक्त त्याच अटींना द्या ज्या मोडल्या तर शाळा चालणारच नाही.

तरीही सापडत नसेल तर: अटी अर्ध्या करणं

फाइलची प्रत काढा. मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीतल्या तुमच्या स्वतःच्या अटींपैकी अर्ध्या बंद करा आणि वेळापत्रक बनवा. बसलं, तर दोष बंद केलेल्या अर्ध्यात आहे किंवा दोन अर्ध्यांच्या संगनमतात. नाही बसलं, तर चालू असलेल्या अर्ध्यातच पुरेसा विरोध आहे, पुन्हा त्याचे दोन भाग करा. ६४ अटी असतील तर सरळ प्रकरणात सहा फेऱ्यांत एका अटीपर्यंत पोचता येतं.

अडचण संगनमताची. दोन अटी एकेकट्या निरुपद्रवी आणि एकत्र आल्या की घातक, असं वेळापत्रकात सारखं घडतं. तेव्हा पहिला अर्धा भागही बसतो आणि दुसराही बसतो, आणि माणूस गोंधळतो. इथे एक भाग पूर्ण चालू ठेवायचा आणि दुसऱ्या भागातल्या अटी थोड्या थोड्या करून परत घालायच्या. ज्या क्षणी अडेल, ती शेवटी घातलेली अट म्हणजे जोडीतली एक. आता ती चालू ठेवून पहिल्या भागाचे अर्धे अर्धे करत जा, तिची जोडीदार सापडेल. मला अशी सापडलेली एक जोडी: ‘वर्गशिक्षकाची तासिका रोज पहिली’ आणि एकाच शिक्षकाकडे दोन तुकड्यांचं वर्गशिक्षकपद. रजेवर गेलेल्या सहकाऱ्याची तुकडी त्यांच्याकडे तात्पुरती दिली होती.

एवढं करून जी जोडी सापडेल ती मुख्याध्यापकांकडे घेऊन जा. कोणती अट सोडायची हा निर्णय वेळापत्रक करणाऱ्याने एकट्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आपण फक्त दाखवायचं: या दोन गोष्टी एकत्र शक्य नाहीत, ही बेरीज बघा.

सगळं बसलं आहे, तरी सोमवारी टक्कर

हा प्रकार जास्त वाईट, कारण प्रोग्राम खोटं बोलत नसतो. त्याला जेवढं सांगितलं तेवढ्यात खरोखरच टक्कर नाही. मग त्याला काय माहीत नाही, हे शोधायचं.

सगळ्यात जास्त वेळा माझ्या हाती लागलेलं कारण म्हणजे एक माणूस दोन नावांनी भरलेला असणं. एकदा आडनाव आधी, एकदा आद्याक्षर आधी. एकदा नावापुढे ‘सर’, एकदा नुसतं नाव. प्रोग्रामच्या दृष्टीने ते दोन शिक्षक, आणि दोन शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत असू शकतात. हे निदान वाचून तरी दिसतं. देवनागरीत याहून कपटी प्रकार आहे, जो डोळ्यांना दिसतच नाही. ज्या आडनावात ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ आहे ते टंकित करायचे एकापेक्षा जास्त मार्ग आहेत. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडणारा वर्ण घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, अनुस्वार आणि अर्धा ‘न’, या गोष्टीही तेच करतात. माहिती दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या संगणकांवर भरली असेल तर हे जवळजवळ होतंच.

यावर सोपी तपासणी: प्रोग्राममधली शिक्षकांची यादी उघडा आणि संख्या मोजा. हजेरीपटावर ३४ शिक्षक आणि प्रोग्राममध्ये ३६? मग काम झालं, ते दोन शोधा. संख्या जुळली तरी प्रत्येकाचा आठवड्याचा भार बघा. एका गणिताच्या शिक्षकांना ११ तासिका आणि त्यांच्या जवळपास दिसणाऱ्या नावाला १७, हे दिसलं की शंका घ्याच. पुढच्या वर्षीपासून नाव हातानं टंकित करू देऊ नका. प्रत्येकाला छोटा संकेत द्या, ‘गणित १’, ‘गणित २’ असा, आणि माहिती यादीतून निवडून भरायला सांगा.

स्प्रेडशीटमधून माहिती आणत असाल तर आणखी एक सापळा आहे. ‘८-२’ हे तुकडीचं नाव इंग्रजी आकड्यांत लिहिलं की एक्सेल ती तारीख समजतो आणि आठवी ‘२’ तुकडीचा फेब्रुवारी किंवा ऑगस्ट करून टाकतो. पेस्ट करण्याआधीच तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करा, नंतर करून उपयोग नाही. तारीख झालेली असली की मूळ अक्षरं गेलेली असतात. तुकडीला आकड्याऐवजी अक्षर देणं हा त्याहून चांगला उपाय, ‘८ब’ कधी तारीख होत नाही. सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं आली तर घाबरू नका आणि ती फाइल तशीच जतनही करू नका. बंद करा, आणि डेटा आयात करण्याच्या सोयीतून यूटीएफ-८ ही अक्षरसंकेताची पद्धत निवडून उघडा.

घंटेचा घोळ. प्राथमिक आणि माध्यमिक विभागांच्या घंटा वेगळ्या असतील, एकाकडे ३५ मिनिटांची तासिका आणि दुसरीकडे ४० ची, आणि चित्रकलेचे शिक्षक दोन्हीकडे शिकवत असतील, तर हे नीट तपासा. दोन्ही विभाग एकाच वेळी सुरू झाले आणि मधे सुट्टी नाही असं धरा. प्राथमिकची पाचवी तासिका १४० व्या मिनिटाला सुरू होऊन १७५ व्या मिनिटाला संपते. माध्यमिकची चौथी १२० ते १६०. तासिकेच्या क्रमांकाने बघितलं तर पाचवी आणि चौथी, टक्कर नाही. घड्याळाने बघितलं तर २० मिनिटं एकच माणूस दोन ठिकाणी. तुमचा प्रोग्राम टक्कर क्रमांकावरून शोधतो की वेळेवरून, ते एक खोटी टक्कर मुद्दाम बनवून पाहा: अशाच दोन तासिका एकाच शिक्षकाला हाताने द्या आणि प्रोग्राम ओरडतो का बघा. ओरडला नाही, तर सामायिक शिक्षकांसाठी त्या तासिका बंद ठेवणं हाच मार्ग.

ही खोट्या टकरीची युक्ती मी आता प्रत्येक गोष्टीला वापरते. एखादी अट प्रोग्रामला खरंच कळली आहे का, याची खात्री अट वाचून होत नाही, मोडून बघितल्यावर होते. मैदानावर एका वेळी दोनच तुकड्या मावतात असं तुम्हाला वाटतं. तीन तुकड्यांचा खेळ एकाच तासिकेला ठेवून बघा. काहीच झालं नाही? मग प्रोग्रामला मैदान माहीतच नाही. खेळाच्या तासिकांना खोली म्हणून मैदान जोडायचं राहून गेलेलं असतं, कारण मैदान ही ‘खोली’ आहे हे आपल्या मनात येत नाही. सभागृह, संगणक कक्ष, वाचनालय, फिरता प्रोजेक्टर, ज्याची संख्या मर्यादित आहे ते सगळं खोलीसारखंच भरावं लागतं.

गटांबद्दल जरा सावकाश सांगते, कारण इथे चूक दोन्ही दिशांना होते. एएससीमध्ये तुकडीच्या ‘विभागण्या’ असतात: एक विभागणी मुलं आणि मुली, दुसरी ऐच्छिक भाषेचे दोन गट. एकाच विभागणीतले गट एका वेळी वेगवेगळ्या तासिकेला बसू शकतात, कारण त्यांच्यात सामायिक विद्यार्थी नाही असं प्रोग्राम मानतो. वेगळ्या विभागणीतले गट एका वेळी ठेवत नाही, कारण एखादी मुलगी मुलींच्या गटात आणि पहिल्या भाषेच्या गटातही असेल. हे बरोबरच आहे. चूक कुठे होते? सगळे गट घाईत एकाच विभागणीत टाकले, तर प्रोग्राम मुलींचा खेळ आणि भाषेचा गट एकाच वेळी आनंदाने ठेवतो, आणि सोमवारी पंधरा मुलींना दोन ठिकाणी जायचं असतं. उलट, खरोखर वेगळ्या असलेल्या गटांना दोन विभागण्यांत टाकलं तर उगाच कार्डं उरतात. म्हणजे एकच खिडकी दोन्ही आजारांचं मूळ असू शकते. तपासायचं असेल तर पाच खऱ्या विद्यार्थ्यांचं पान काढा, जास्तीत जास्त वेगवेगळे पर्याय घेतलेल्यांचं, आणि त्यांचा आठवडा तासिकेमागून तासिका वाचा. तुकडीचं पान वाचून ही चूक दिसत नाही. एकेका मुलाच्या बाजूने बघितलं की लगेच दिसते.

आणि शेवटी हातानं केलेले बदल. वेळापत्रक बनल्यावर कोणीतरी विनंती करतं, आपण एक कार्ड ओढून दुसरीकडे ठेवतो, प्रोग्राम इशारा देतो, आपण ‘ठीक आहे’ दाबतो. अशा प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासणी चालवा. एएससीमध्ये त्यासाठी ‘व्हेरिफिकेशन’ आहे, टेस्टपेक्षा ते वेगळं: टेस्ट माहिती तपासते, व्हेरिफिकेशन बसवलेलं वेळापत्रक.

प्रोग्रामच्या बाहेर एक तपासणी

प्रिंट काढण्याआधी मी पूर्ण वेळापत्रक सीएसव्हीमध्ये काढते आणि स्प्रेडशीटमध्ये उघडते. फेटच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीत तासिकेचा क्रमांक, दिवस, वेळ, विद्यार्थी गट, विषय, शिक्षक आणि खोली असे रकाने येतात. दिवस, वेळ आणि शिक्षक हे तीन रकाने जोडून एक नवा रकाना करायचा, आणि त्यात दोनदा आलेला मजकूर रंगवायला सांगायचं. रंगलेली प्रत्येक ओळ म्हणजे एक शिक्षक दोन ठिकाणी. तसंच दिवस, वेळ आणि खोलीचं. एकाच तासिकेला दोन शिक्षक असतील तर ते एकाच रकान्यात अधिक चिन्हाने जोडलेले येतात, त्या ओळी आधी फोडून घ्या, नाहीतर टक्कर लपून राहील. दोन तासिकांच्या जोडतासाला दोन ओळी येतात, वेळ वेगळी असल्याने त्या रंगत नाहीत, त्यांची काळजी नको.

याच फाइलवरून शिक्षक उभे आणि विषय आडवे असा मुख्य सारणी तक्ता, म्हणजे पिव्होट टेबल, काढा आणि मूळ कामवाटपाच्या कागदाशी ताडून बघा. प्रोग्राममधल्या माहितीशी नाही, मुख्याध्यापकांनी सही केलेल्या कागदाशी. प्रोग्राममधली माहिती स्वतःशी नेहमीच जुळते.

मग प्रत्येक शिक्षकाला त्यांचं एक पान द्या आणि तीन प्रश्न विचारा: सगळ्या तुकड्या आहेत का, नसलेली एखादी आहे का, आणि ज्या वेळी तुम्ही येऊ शकत नाही अशी एखादी तासिका आहे का. ‘तपासून सांगा’ एवढंच म्हटलं तर लोक आपल्याला सलग किती तासिका आल्या तेवढंच बघतात.

दरवर्षी परत का येतं

कारण आपण गेल्या वर्षीची फाइल उघडून त्यावर काम सुरू करतो. ते चूक नाही, शून्यापासून भरणं फार वेळखाऊ. पण त्या फाइलमध्ये गेल्या वर्षीची कुलुपं असतात, म्हणजे जागेवरून हलू नयेत म्हणून पक्क्या केलेल्या तासिका. मार्चमध्ये कोणाच्या तरी रजेसाठी शुक्रवारची एक तासिका कुलूपबंद केली होती, ते कुलूप जूनमध्येही तसंच असतं. बदलून गेलेल्या शिक्षकांच्या उपलब्धतेच्या अटी नव्या शिक्षकांच्या नावावर चढलेल्या असतात, कारण आपण नवीन नोंद करण्याऐवजी जुन्या नोंदीचं नाव बदललं. नवी फाइल सुरू करताना सगळी कुलुपं काढा. प्रत्येक अट वाचा आणि तिचं कारण सांगता येतं का बघा. येत नसेल तर ती बंद करा, कोणी विचारलं तर परत चालू करता येते. फेटमध्ये अटीला टिप्पणी जोडता येते, तिथे ‘कोणी मागितली, कधीपर्यंत’ एवढं लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षी तुमचे दोन दिवस वाचतील.

फलकावर लागल्यावर चूक सापडली तर

पूर्ण वेळापत्रक पुन्हा बनवू नका. मुलांनी आणि शिक्षकांनी आठवडा लक्षात ठेवलेला असतो, एका चुकीसाठी सगळं हलवणं त्यांच्यावर अन्याय आहे. फाइलची प्रत काढा, सगळ्या तासिका कुलूपबंद करा, आणि फक्त टक्कर झालेल्या दोन तासिका मोकळ्या करून बनवून बघा. नाही बसलं तर त्या शिक्षकांच्या त्याच दिवसाच्या बाकीच्या तासिका मोकळ्या करा. मग त्या तुकडीचा तो दिवस. असं एकेक पायरी बाहेर सरकत जा. बहुतेक वेळा तीन-चार तासिकांच्या अदलाबदलीत काम होतं.

झालं की प्रिंटच्या तळाशी तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घाला, आणि जुनी पानं स्वतः जाऊन काढा: फलकावरचं, शिक्षक खोलीतलं, प्रयोगशाळेच्या दारावरचं, शिपाईकाकांच्या टेबलावरचं. त्यांच्याकडे जुनं पान राहिलं की घंटा जुन्या वेळेला वाजते.